विचारलंच नाही कुणी

बरेच दिवस हा विषय मनात घोळतोय. लिहू की नको, लिहू की नको करत पावसाळा संपला, धानाची कापणी आटोपली, आणि आज शेवटी बसलेच लिहायला. इथे वाचणाऱ्यांत माझे भाचे-पुतणे आहेत, सुना आहेत, दोन जावईही आहेत. (हो जावईबापू, तुम्ही गुपचूप वाचता ते मला माहीत आहे!) सत्तरी ओलांडलेल्या आत्याने 'असल्या' विषयावर लिहावं का, असं कुणाला वाटलं तर वाटू दे.

या 'असल्या'पासूनच सुरुवात करते. जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जातंच. आपल्या बोलण्यात या विषयाला नामं नाहीतच, नुसती सर्वनामं आणि आडपडदे. 'ते', 'तसलं', 'खालचं'. पाळी आली तर 'अडचण', नाहीतर 'कावळा शिवला'. पांढरं पाणी जात असेल तर 'अंगावरून जातंय'. पुरुषाचं काही असेल तर 'कमजोरी', बस्स. वर्गात मी शिकवायचे की नामाऐवजी येणारा शब्द म्हणजे सर्वनाम, म्हणजे आधी नाम यायला हवं. इथे नाम कधी आलेलंच नसतं. आणि मग डॉक्टरांसमोर बसल्यावर बाईला नुसत्या सर्वनामांच्या भरवशावर दुखणं सांगावं लागतं.

यावर सगळे एकच सांगतात, आपले लोक लाजाळू, ते बोलतच नाहीत, त्याला डॉक्टर तरी काय करणार. हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता कंटाळा आला. कारण आपल्याच महाराष्ट्राचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास काढून पाहिला तर निराळंच दिसतं. नीट विचारणारं, ऐकून घेणारं कुणी भेटलं तेव्हा लोक बोलले आहेत. भरभरून बोलले आहेत.

सुरुवात आनंदीबाई जोशींपासून करायला हवी. त्यांची गोष्ट आपण शाळेत शिकवतो, पण 'पहिली महिला डॉक्टर' एवढ्यावर सोडून देतो. त्या डॉक्टर का झाल्या, तर चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं, आणि आपल्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरला आपलं दुखणं सांगत नाहीत, दाखवत तर नाहीतच, हे त्यांनी पाहिलं होतं. अमेरिकेला जाण्याआधी १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला त्यांनी भाषण केलं, त्यातही हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची किती गरज आहे हाच मुद्दा होता. १८८६ च्या मार्चमध्ये त्यांना पदवी मिळाली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. काम करायला मिळालंच नाही. पण त्यांनी ओळखलेली गोष्ट बघा. औषधं आहेत की नाहीत हा नंतरचा प्रश्न. बाईने तोंड उघडावं असा माणूस समोर आहे का, हा पहिला.

आता कर्वे. म्हणजे धोंडो केशव नव्हेत, त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ. वडिलांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं, त्यांच्या नावाने शाळा-कॉलेजं आहेत, रस्ते आहेत. मुलाचं नाव मात्र कित्येक वर्षं घराघरांत हळू आवाजातच घ्यायचे. रघुनाथांचा जन्म १८८२ चा. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये, त्यांची आई राधाबाई बाळंतपणात गेली. त्यामुळेच ते पुढे या कामाकडे वळले, असं लिहायचा मोह होतो. पण अशी सोयीची कारणं जोडू नयेत हे मी मुलांना इतिहासाच्या उत्तरात लाल शाईने लिहून देत असे, म्हणून नोंद तेवढी करते आणि पुढे जाते.

हे गृहस्थ मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. मेरी स्टोप्सबाईंनी लंडनमध्ये आपला दवाखाना उघडला तेही हेच साल, म्हणजे आपण काही जगाच्या मागे नव्हतो हो! कॉलेज मिशनऱ्यांचं, त्यांना हे रुचलं नाही. १९२५ मध्ये नोकरी सोडावी लागली. कायमची नोकरी सोडणं म्हणजे काय हे आम्हा शिक्षकांना वेगळं सांगायला नको. साथ होती ती पत्नी मालतीबाईंची. पुढे जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं आणि ते २६ वर्षं चालवलं. अमोल पालेकरांनी २००१ मध्ये 'ध्यासपर्व' हा चित्रपट काढला तो याच माणसावर. तरुण मंडळींनी जरूर बघावा.

पण मला त्या मासिकातलं सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं, तर वाचकांची पत्रं. संततिनियमनावर, गुप्तरोगांवर कर्वे लेख लिहीतच. त्याखेरीज लोक पत्रातून प्रश्न विचारत आणि कर्वे त्यांना उत्तरं देत, छापून. विचार करा, काळ १९३० च्या आसपासचा. कुणीतरी घरातले सगळे झोपल्यावर कंदिलाच्या उजेडात टाक-दौत घेऊन बसला असेल, जे बायकोला, मित्राला, वैद्याला सांगता आलं नाही ते एका गणिताच्या मास्तराला लिहून पाठवत असेल. लोक बोलत नाहीत म्हणतात ना? कुणीतरी पत्ता दिला, 'इथे विचारा' म्हटलं, तर लोकांनी विचारलं. आणि या मास्तरांचं उत्तर कसं, तर कोरडं. हस्तमैथुनाने शक्ती जाते, माणूस वाया जातो, अशी तेव्हा समजूत होती (आज गेली आहे असं मी म्हणणार नाही). कर्वे सरळ सांगत की त्याने काही अपाय होत नाही. उपदेश नाही, धाक नाही. मला तर हा माणूस डॉक्टर नसूनही डॉक्टरांना शिकवण्यासारखा वाटतो.

याचं बक्षीस काय मिळालं, तर खटले. १९३१ मध्ये 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून अश्लीलतेचा खटला, दंड १०० रुपये. १९३४ चा दुसरा खटला अधिक बोलका आहे, कारण तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच झाला. म्हणजे प्रश्नाला उत्तर देणं हाच गुन्हा! त्या वेळी कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील होतं असं नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. खटला हरले, २०० रुपये दंड झाला. आमच्या भंडाऱ्यातून बाबासाहेब १९५४ ची पोटनिवडणूक लढले आणि हरले, हे इथल्या म्हाताऱ्या माणसांना पाठ असतं. त्यांचा हा वीस वर्षं आधीचा पराभव मात्र इथे कुणाला फारसा ठाऊक नाही. मला विचाराल तर दोन्ही पराभवांत कमीपणा हरवणाऱ्यांचाच.

१४ ऑक्टोबर १९५३ ला कर्वे वारले. 'समाजस्वास्थ्य'चा शेवटचा अंक नोव्हेंबरचा. म्हणजे माणूस गेला आणि पुढच्या महिन्यात पत्ताही गेला.

त्यानंतर सरकार आलं. स्वतंत्र भारताने १९५२ मध्येच कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम घेतला, जगात अगदी पहिल्या देशांत आपलं नाव. कर्व्यांना ज्यासाठी नोकरी सोडावी लागली ते आता सरकारी धोरण झालं. भिंतीभिंतींवर लाल त्रिकोण आला. १९६८ मध्ये 'निरोध' बाजारात आला, पाच पैशाला एक. शब्द कसा भारदस्त निवडलाय, थेट पतंजलीच्या योगसूत्रांतला! आमच्याकडे एका मुलाने संस्कृतच्या तासाला उभं राहून निरागसपणे अर्थ विचारला होता आणि आमचे शास्त्रीबुवा लालेलाल झाले होते. असो.

पण गंमत अशी की भिंत बोलत होती, माणसं बोलत नव्हती. जाहिरात एकतर्फी. 'दोन किंवा तीन पुरे' म्हणून सांगणार, पण तुला काय होतंय ते सांग, असं विचारणार नाही. मग आणीबाणी आली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक संमत केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून कायदा झाला नाही. मी तेव्हा नोकरीत नवीन होते. आम्हा शिक्षकांनाही 'केसेस' आणा म्हणून सांगत. केस! माणूस नाही, बाई नाही, केस. सरकारी जीप गावात शिरली की पुरुष मंडळी बांध्यांमधून पळ काढायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्या खात्याची माणसाला भीती वाटते त्या खात्याच्या डॉक्टरला तो आपलं नाजूक दुखणं कसा सांगेल? पुढे नसबंदी बहुतांशी बायकांच्याच वाट्याला आली. शिबिरं झाली, टाके पडले, कांबळं मिळालं, आणि ऑपरेशननंतर ओटीपोटात दुखतं म्हणून बाई गेली तर 'होतं तसं, जा'.

आता मुख्य गोष्टीकडे येते. त्यासाठी आमच्या वैनगंगेच्या काठाकाठाने थोडं खाली जायचं. पवनी, लाखांदूर मागे टाकलं की वडसा, तिथून गडचिरोली जिल्हा लागतो. तांदूळ तोच, झाडीबोली तीच, सोयरिकीही होतात. डॉ. राणी बंग मूळच्या चंद्रपूरच्या, नागपूरला शिकलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. त्या वेळी खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, याच्या पलीकडे कुणी पाहत नसे. बाई गरोदर असेल तर तिला विचारायचं, नसेल तर तिला शरीरच नाही असं समजायचं. दवाखान्यात येणाऱ्या बायकांचे अभ्यास झाले होते, पण दवाखान्यात न येणाऱ्या बायकांचं काय, हा प्रश्न उरतोच ना. बंग दांपत्याने उलटं केलं. वसा आणि अमिर्झा या दोन गावांत जाऊन त्यांनी सरसकट बायकांना विचारलं आणि त्यांना तपासलं. दुखतंय म्हणून आलेल्या नव्हे, गावातल्या बायका. म्हाताऱ्या, तरण्या, वयात आलेल्या मुली, अशा ६५०.

तो अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक आजारांपैकी निदान एक तरी निघाला. एकेका बाईला सरासरी ३.६ आजार. आणि याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या बायका किती, तर ८ टक्के.

हे आकडे बऱ्याच ठिकाणी उद्धृत होतात. पण त्यात आणखी एक आकडा आहे आणि मला तो सगळ्यांत जास्त बोलतो. या ६५० जणींपैकी ५५ टक्के बायकांनी आपल्याला त्रास आहे असं सांगितलं. सांगितलं, लक्षात घ्या. म्हणजे शंभरातल्या पंचावन्न जणींना आपलं दुखणं ठाऊक होतं, शब्द होते, सांगायची तयारीही होती. तरी तपासणी झालेल्या आठच. मधल्या सत्तेचाळीस जणी कुठे होत्या? भात रोवत होत्या, तेंदूपत्ता तोडत होत्या, आमच्यासारख्यांच्या घरी भांडी घासत होत्या. त्या गप्प होत्या असं आपण म्हणतो. त्यांना विचारलंच नव्हतं कुणी.

आणि उरलेल्या पंचेचाळीस? त्यांनी काहीच तक्रार सांगितली नाही, पण तपासल्यावर त्यांच्यातल्याही बहुतेकींना काही ना काही निघालंच. काही आजारांना लक्षणंच नसतात, आणि काही त्रास इतके वर्षानुवर्षांचे असतात की बाईला वाटतं, बाईच्या जातीला हे असायचंच. पाळीत गडाबडा लोळणं, सतत पांढरं पाणी जाणं, संबंधाच्या वेळी दुखणं. माझी आई म्हणायची, 'बाईचा जन्म म्हणजे दुखणं'. तिला ते सुभाषित वाटायचं. गडचिरोलीच्या अभ्यासाने दाखवलं की ते सुभाषित नाही, तो जंतुसंसर्ग आहे आणि त्यावर गोळ्या आहेत. (आणि त्या गोळ्या पुष्कळदा नवऱ्यालाही घ्याव्या लागतात, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच. हे सांगायला डॉक्टरही कचरतात!)

राणीताईंचं 'कानोसा' नावाचं पुस्तक आहे. नावच किती समर्पक. बायका आपल्या शरीराबद्दल, दुखण्याबद्दल काय समजतात, काय म्हणतात, ते कान देऊन ऐकलेलं. हे मला मोठं वाटतं, कारण डॉक्टर सहसा आपले शब्द रोग्याच्या तोंडी घालतात. इथे डॉक्टरने बायकांची भाषा शिकून घेतली, सुईणींना सोबत घेतलं. पुढे १९९४ मध्ये कैरोला लोकसंख्येवर जी मोठी आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिथे जगाने 'लोकसंख्या नियंत्रण' हा शब्द मागे ठेवून 'प्रजनन आरोग्य' म्हणायला सुरुवात केली. अशा अभ्यासांचा त्यात वाटा होता. वसा-अमिर्झाच्या बायका कैरोपर्यंत पोहोचल्या. आमच्या भंडाऱ्याच्या दवाखान्यापर्यंत पोहोचायला मात्र त्यांना बराच वेळ लागला.

तो कसा, ते सांगते. आमच्या नात्यातल्या एक मावशी होत्या. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. दर महिन्याला बीपीची गोळी घ्यायला एका डॉक्टरांकडे जायच्या, न चुकता. मोठा मुलगा गाडीवर न्यायचा, तोही गुणी, खुर्चीशेजारी उभा राहायचा, आईचं सगळं तोच सांगायचा. मावशींना अधूनमधून रक्त जायला लागलं. मुलासमोर कसं सांगणार? डॉक्टरांनी बीपी पाहावं, 'बाकी ठीक ना?' म्हणावं, मुलाने 'ठीक' म्हणावं. असं दोन वर्षं चाललं. शेवटी सुनेने धुण्यात पाहिलं. नागपूरला नेलं तेव्हा गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर बराच पसरला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती दिवसांपासून? मावशी म्हणाल्या, दोन वर्षं. इतके दिवस सांगितलं का नाही? तर मावशी म्हणाल्या, 'मले कोनं इचारलंच नाई.' आठ महिन्यांत गेल्या.

यात दोष कुणाचा ते मी ठरवत बसत नाही. पण 'बाकी ठीक ना' हा प्रश्न नाही. आणि आईबरोबर मुलाला आत घेणं ही आपल्याकडे सेवा समजतात, म्हणून त्याला 'जरा बाहेर थांबा' म्हणायला डॉक्टर संकोचतात. तेवढी तीन शब्दांची वाक्यं महाग पडतात कधीकधी.

हा कॅन्सर असा आहे की तो आधी पकडता येतो. याचा मोठा पुरावाही आपल्याच राज्यातला. उस्मानाबाद जिल्ह्यात (आता धाराशिव) बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या आणि टाटा मेमोरियलच्या मदतीने एक मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, ५२ खेड्यांचे गट. काहींची एचपीव्ही या विषाणूची चाचणी केली, काहींची दुसरी तपासणी, आणि एका गटाला नेहमीचीच सेवा. २००९ मध्ये निष्कर्ष आले. आयुष्यात फक्त एकदा ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, काहीच तपासणी न झालेल्या गटात ६४. तो शेवटचा आकडा वाचताना मला काही बरं वाटलं नाही. त्या चौसष्ट जणींना तपासायचं राहू दिलं, आणि त्यांच्यामुळे बाकीच्या जगाला हे कळलं. शास्त्राची गरज असेल, मला वाद घालता येणार नाही, पण त्यांची आठवण ठेवावी.

दुसरंही बघा. उस्मानाबादच्या त्या खेड्यांतल्या हजारो बायका आतून तपासून घ्यायला आल्या. मराठवाड्यातल्या, डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या. घरी जाऊन समजावून सांगणारी बाई होती, आडोशाची खोली होती, म्हणून आल्या. लाज कुठे गेली? लाज होतीच. तिची व्यवस्था केली होती.

आता पुरुष मंडळींकडे वळते, तुम्ही सुटणार नाही. तुमचा इतिहास भिंतीवर लिहिलेला आहे, रेल्वेच्या रुळांलगत, पिवळ्या रंगावर लाल अक्षरांत. गुप्तरोग, कमजोरी, शर्तिया इलाज. खरं म्हणजे कामशक्ती वाढवण्याच्या अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे, पण भिंतींनी कायदा वाचलेला दिसत नाही. धात गेल्याने माणूस खंगतो, या समजुतीपायी तरुण पोरं झुरतात. १९६० मध्ये डॉ. एन. एन. विग यांनी या प्रकाराला 'धात सिंड्रोम' असं नावच दिलं. म्हणजे आपल्या भीतीने वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात जागा मिळवली, कर्व्यांच्या उत्तराने मात्र मिळवली नाही. बोलणारे डॉक्टर नव्हते असंही नाही. डॉ. विठ्ठल प्रभूंचं 'निरामय कामजीवन' कित्येक घरांत होतं, वर्तमानपत्राचं कव्हर घालून, कपाटात साड्यांखाली. आमच्याही होतं.

आणि पन्नाशी-साठीच्या पुरुषांनी हे वाचावंच. शुगर असलेल्या पुष्कळ पुरुषांना ताठरता येण्यात अडचण होते. ती नुसती वयाची गोष्ट नसते. कधीकधी रक्तवाहिन्या खराब होत असल्याची, हृदयाच्या आजाराची ती आधी आलेली सूचना असते. डॉक्टरला ती सांगितली तर हृदय वेळेवर तपासलं जाईल. तंबूतल्या वैद्याला सांगितली तर पाच हजारांचं भस्म मिळेल.

शाळेबद्दल थोडकंच लिहिते, कारण लिहायला लागले तर राग येतो. नोकरीची शेवटची वर्षं होती. शाळांमधून किशोरवयीन शिक्षण द्यायचं म्हणून केंद्राचा कार्यक्रम आला होता, त्यावर ओरड झाली आणि २००७ मध्ये महाराष्ट्राने तो बंद केला. संस्कृती बुडते म्हणे. ज्या राज्यात कर्वे झाले, त्या राज्याने. तिकडे गडचिरोलीत राणीताईंचं 'तारुण्यभान' चालूच होतं, मुलामुलींची शिबिरं, मोकळेपणी प्रश्न-उत्तरं. आमच्या शाळेतल्या मुली मात्र मधल्या सुट्टीत एकमेकींना विचारून, जे हाती लागेल ते घेऊन घरी जायच्या. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, दवाखान्यांत मुलामुलींसाठी समुपदेशक असतात. किती आई-वडिलांना हे माहीत आहे, विचारून बघा. एचपीव्हीची लसही आता आपल्या पुण्याच्या सीरममध्ये बनते, २०२३ पासून. मुलींना लहान वयात, विषाणूशी गाठ पडण्याआधी दिली तर सर्वांत चांगली. नातीच्या बाबतीत मी सुनेला विचारलं, तर ती म्हणाली, 'आई, पण ते सगळ्यांना सांगू नका हं.' मी म्हटलं, बरं. (सांगितलं!)

आजकाल आमच्या कॉलनीतल्या दोघी-तिघी कधी दुपारच्या येतात. काहीतरी दुसरंच बोलतात, चहा होतो, आणि उठता उठता म्हणतात, 'बाई, एक विचारायचं होतं.' मी डॉक्टर नाही, मी काही सांगत नाही. मी कागद घेते. केव्हापासून, किती दिवसांनी, रंग कसा, वास येतो का, संबंधाच्या वेळी दुखतं का, त्यानंतर रक्त जातं का, पाळी शेवटची कधी, मुलं किती, कोणत्या गोळ्या चालू. सगळं नामांनी लिहिते, सर्वनाम एकही नाही. वर पहिली ओळ ठरलेली असते. मागच्या महिन्यात एकीला तशी चिठ्ठी करून दिली. ती दवाखान्यात गेली, नवरा सोबत होताच. तिने काही न बोलता चिठ्ठी टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी पहिली ओळ वाचली, 'कृपया माझ्याशी एकटीशी बोलावे', चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही जरा बाहेर बसा." मग नर्सला आत बोलावलं आणि पुढचा पाऊण तास ती बोलत होती.